दादर टीटीमधला पहिला टी

यंदा ऋषिपंचमीला जेवणं झाली, ऋषीची भाजी दोनदा वाढून झाली, आणि मग माझ्या वडिलांचं आणि भाच्याचं वाजलं. विषय राजकारणाचा नव्हता, गावच्या जमिनीचाही नव्हता. विषय होता ट्राम.

नाना ८७ वर्षांचे. भाचा ३१ चा, बदलापूरला राहतो आणि लोअर परळला कामाला येतो. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. त्यामुळे गाडी, रूळ, फलाट या विषयांवर त्याचं मत म्हणजे अंगावर वळ उठलेल्या माणसाचं मत. तो म्हणाला, "नाना, ट्रामबिम सोडा आता. आपल्याला पाहिजे लाइट रेल, ट्रामसारखीच हलकी गाडी, पण लांब जाणारी. बदलापूर, कल्याण, भिवंडी, ठाणे. जमिनीवरून, स्वतःच्या रुळांवरून. दोन-दोन किलोमीटरवर थांबे. पूल नको, बोगदे नकोत, रस्त्यात वर्षानुवर्षं पत्रे ठोकून ठेवायला नकोत."

नाना म्हणाले, "लांब जायला लोकल आहेच की. मला इथून केईएम हॉस्पिटलला जायचं असलं तर काय करू ते सांग."

"टॅक्सी करा."

"टॅक्सीवाला येतो?"

भाचा गप्प. एवढ्याशा भाड्याला टॅक्सीवाला मान डोलावतो ती नाही म्हणायलाच, हे त्यालाही माहीत आहे.

मी मधे पडले नाही. एक तर ओट्यावर भांड्यांचा ढीग होता, आणि दुसरं म्हणजे माझं मत दोघांनाही पटलं नसतं. म्हणून इथे लिहितेय.

आम्ही खोदादाद सर्कलजवळ राहतो. पत्ता सांगताना 'दादर टीटी' म्हटलं की सगळ्यांना कळतं, पण टीटी म्हणजे काय हे विचारून बघा. आमच्या बिल्डिंगमधल्या एका कॉलेजच्या मुलाने 'तिकीट तपासणारे' असं ठामपणे सांगितलं होतं. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदर (आताचं सीएसएमटी) ते दादर धावली आणि टर्मिनसला ट्राम उरली नाही. नाना तेव्हा २६ वर्षांचे, फोर्टात कारकून. त्या रात्री लोक ट्राम बघायला रस्त्यावर आले होते, नाना गेले नाहीत. "एक एप्रिलला बसने ऑफिसला जायचं होतं, बसची रांग केवढी असेल याचीच काळजी," असं ते सांगतात. मला हे फार खरं वाटतं. आपल्या डोळ्यांदेखत काही संपत असतं तेव्हा आपण दुसऱ्या दिवशीच्या डब्याचा विचार करत असतो.

मुंबईची ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ ला, घोड्यांनी ओढलेली. कुलाब्याहून पायधुणीला एक आणि बोरीबंदरहून पायधुणीला दुसरी. विजेची ट्राम आली ७ मे १९०७ ला, दुमजली १९२० मध्ये. मुंबईच्या बस चालवणाऱ्या बेस्टच्या नावातला टी हा मुळात ट्रामवेजचा, मागाहून तो ट्रान्सपोर्टचा झाला. अक्षर तेच, त्यामुळे पाटी रंगवायचा खर्च वाचला असेल.

पण नाना ट्रामबद्दल सांगतात तेव्हा त्यात गाडी थोडी आणि चढणं-उतरणंच जास्त असतं. ड्रायव्हर पायाने घंटा वाजवायचा, ठणठण. टोकाला पोचला की पितळी हँडल काढून हातात घेऊन दुसऱ्या टोकाला जायचा आणि तिथे बसवायचा, गाडी वळवायची भानगडच नाही. एक आणा तिकीट. आणि नायगावच्या वळणावर ट्राम मंदावली की नाना खाली. ती थांबायची वाट कोण बघतंय! आजी रागवायची, पण ती स्वतःही भाजीची पिशवी सांभाळत एक पायरी चढून बसायची. एक पायरी. नानांच्या या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्यात, पण ही पायरी माझ्या लक्षात आली ती गेल्या दोन वर्षांत, माझा डावा गुडघा बोलायला लागल्यावर.

माझी मुलगी अमेरिकेत पोर्टलंडला असते. २०२३ च्या उन्हाळ्यात मी तिथे अडीच महिने होते. ती कामाला गेली की मी मोकळी, गाडी चालवता येत नाही, म्हणजे पाय आणि रूळ. तिथे दोन्ही प्रकार आहेत, नानांचाही आणि भाच्याचाही. एक स्ट्रीटकार, २००१ पासूनची, एकेकटी गाडी, शहराच्या पोटातच फिरणारी. दुसरी मॅक्स, १९८६ ची, उपनगरांतून येणारी, विमानतळापर्यंत जाणारी, पल्ल्याची लाइट रेल. (तिसरीही एक आहे जिला ते लोक 'एरियल ट्राम' म्हणतात, पण तो निव्वळ रोपवे आहे. 'ट्रामने जाऊ' म्हणून मुलीने मला नेलं आणि मी दोरीला लटकत टेकडीवर गेले. नानांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "ही कसली ट्राम, ही तर रायगडची रोपवे झाली.")

पहिले आठ दिवस मला दोन्ही सारख्याच वाटल्या. दोन्हींना वर तार, खाली रूळ, दोन्ही रस्त्यातूनच जातात. मग पायांना फरक कळायला लागला. स्ट्रीटकार दोन-तीन गल्ल्यांवर थांबते. फलाट म्हणजे फुटपाथच, थोडा उंच केलेला, त्यावरून सपाट आत. ग्रंथालयातून वाण्याकडे, वाण्याकडून नदीकाठी. पाऊण किलोमीटर, एक किलोमीटर. चालता आलं असतं, पण पिशवी जड आहे किंवा पाऊस आहे म्हणून बसायचं. मॅक्समध्ये असा कोणी बसत नाही. तिथे लोक पुस्तक काढतात, डोळे मिटतात, आपल्या कर्जत फास्टमध्ये खिडकी मिळालेल्या माणसासारखे.

आणि मग एक गोष्ट कळली जी भाच्याला ऐकवायला हवी होती. शहराबाहेर मॅक्स सुसाट असते. हायवेच्या कडेने, जुन्या रेल्वेच्या जागेतून, डोंगरातल्या बोगद्यातून. तीच गाडी शहराच्या मध्यात आली की रांगायला लागते, कारण तिथे तिलाही रस्त्यातूनच जावं लागतं, सिग्नल पाळत. पोर्टलंडच्या मध्यातल्या गल्ल्या अगदी आखूड, एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत जेमतेम २०० फूट. म्हणून मॅक्सला दोनच डबे. तिसरा जोडला तर थांब्यावर उभ्या गाडीची शेपटी चौकात राहील आणि आडवी वाहतूक अडेल. म्हणजे ५० किलोमीटरच्या मार्गाला किती डबे लावायचे हे ठरवलंय मधल्या दोन-तीन किलोमीटरच्या गल्लीने! मला हे कळलं तेव्हा आमचे १५ डब्यांचे फलाट डोळ्यांपुढे आले आणि जरा अभिमानच वाटला.

भाच्याची लाइट रेल भिवंडीच्या माळावर पळेलच. माळावर काय, काहीही पळतं. प्रश्न आहे ती ठाण्यात शिरल्यावरचा. तिथे तिला रस्त्यात सोडली तर ती रिक्षांच्या मागे उभी. खांबांवर चढवली किंवा जमिनीखाली नेली तर ती लाइट राहत नाही, मेट्रोच होते, मेट्रोच्या खर्चासकट आणि मेट्रोच्या जिन्यांसकट. ठाण्याची २९ किलोमीटरची रिंग मेट्रो २०२४ मध्ये मंजूर झाली, तीही जवळजवळ सगळी खांबांवरच, थोडी भुयारात. जमिनीवर जागा असती तर कोण कशाला खांब उभे करील?

नानांची बाजू मी घेत नाही असं नाही, पण त्यांनाही एक गोष्ट सांगायचीय. एक दिवस मी स्ट्रीटकारमध्ये होते. स्ट्रीटकारचे रूळ पार्किंगच्या पट्ट्याला लागून जातात आणि मधे फक्त एक पांढरी रेघ. डिलिव्हरीची एक व्हॅन त्या रेघेच्या एवढीशी बाहेर. किती? व्हॅनचा आरसा आणि वीतभर पत्रा. ड्रायव्हरबाईने घंटा वाजवली. परत वाजवली. मग उतरून जाऊन बघून आली, हाताने अंतर मोजलं, मान हलवली. बस असती तर किंचित डावीकडे काढून निघून गेली असती. ट्राम कुठे काढणार? आम्ही नऊ मिनिटं उभे. व्हॅनवाला दोन खोकी पोचवून, कुणाशी तरी हसत बोलत परत आला. कुणी शिवी दिली नाही हे बघून मला परदेशात असल्याची खात्री पटली.

आता ही रेघ आमच्या टीटीवर ओढा. दुहेरी पार्किंग, हातगाडी, उसाच्या रसवाल्याचं टेबल, नवरात्रात मंडप. नाना म्हणतात आमच्या वेळी कोण आडवं येत नव्हतं. नाना, तुमच्या वेळी मोटारी किती होत्या? ट्राम रस्त्याची राणी होती कारण दरबारात दुसरं कोणी नव्हतं.

पोर्टलंडमध्येच याचं उत्तरही मी बघितलं. विलामेट नदीवर २०१५ मध्ये एक पूल झाला, टिलिकम क्रॉसिंग. त्यावर मॅक्स जाते, स्ट्रीटकार जाते, बस, सायकली आणि पायी माणसं जातात. खासगी मोटारींना बंदी. दोन्ही गाड्या त्या पुलावर एकाच रुळांवरून धावतात. नानांची आणि भाच्याची, एकामागोमाग एक. मी तिथे कठड्याला टेकून बराच वेळ उभी राहायचे. तिथे कळायचं की गाडी कुठली हा भांडणाचा मुद्दाच नाही. जर्मनीत कार्ल्सरूह नावाच्या गावी तर १९९२ पासून गावातली ट्राम सरळ मोठ्या रेल्वेच्या रुळांवर चढते आणि शेजारच्या गावाला जाते, एकाच गाडीत दोन प्रकारची वीज घ्यायची सोय आहे. हे भाच्यानेच मला व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं, 'मावशी, असं पाहिजे' म्हणून. असं पाहिजे खरं, पण आपल्या लोकलच्या रुळांवर दर तीन-चार मिनिटांनी गाडी आहे. तिथे ट्राम घुसवायची म्हणजे ८.१२ च्या लेडीज डब्यात कपाट घेऊन चढण्यासारखं.

लॉस एंजेलिसची गोष्ट मात्र मला चटका लावून गेली. तिथे एके काळी दोन कंपन्या होत्या. लाल गाड्या पॅसिफिक इलेक्ट्रिकच्या, गावोगाव जाणाऱ्या, रूळ हजार मैलांच्या वर. पिवळ्या गाड्या लॉस एंजेलिस रेल्वेच्या, शहरातल्या शहरात. शेवटची लाल गाडी लाँग बीचच्या मार्गावर १९६१ मध्ये बंद झाली आणि पिवळ्या ३१ मार्च १९६३ ला. आमच्या ट्रामच्या आधी बरोबर एक वर्ष, तारीखसुद्धा तीच. पुढे १९९० मध्ये लाँग बीचला पुन्हा लाइट रेल सुरू झाली, बरीचशी त्याच जुन्या वाटेवरून. म्हणजे लाल परत आली. पिवळी नाही आली. लांबच्या गाडीची जागा गावाबाहेर पडून राहते, तिचे मोठे आकडे कागदावर शोभून दिसतात, उद्घाटनाला फीत मिळते. जवळच्या गाडीची जागा एकदा मोटारींनी घेतली की ती परत मागायची हिंमत कुठल्याच शहरात सहसा होत नाही.

मुंबईचंही तेच. १८५३ पासून आमच्याकडे लाल गाडी आहेच. लोकल म्हणजे दुसरं काय? विरारला जाते, कसाऱ्याला जाते, कर्जतला जाते. नावच काय ते लोकल. तिच्या जोडीला आता मेट्रो आल्या. पिवळी गाडी मात्र १९६४ ला गेली ती गेलीच, आणि तिचं काम आता करतात शेअर टॅक्सी, बेस्टच्या छोट्या बस आणि आपले पाय. २०२५ च्या मे महिन्यात बसचं किमान भाडं ५ वरून १० झालं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई दोन थांब्यांसाठी बस घ्यायच्या, त्या आता चालतात.

गुडघ्याचं म्हणत होते. भुयारी मेट्रो दादरपर्यंत आली तेव्हा मी एका मंगळवारी सिद्धिविनायकाला मेट्रोने गेले. दादरच्या पुढचंच स्टेशन. टीटीवरून टिळक पूल ओलांडून पलीकडे जाणं मी धरलेलंच नाही. मेट्रोच्या दारापासून घड्याळ लावलं. तिकीट, बॅगची तपासणी, सरकता जिना, परत सरकता जिना, फलाट: साडेपाच मिनिटं. गाडीत बसल्यावर दोन मिनिटं. वर यायला साडेचार. म्हणजे दहा मिनिटं मी उभ्या दिशेने प्रवास केला आणि दोन मिनिटं आडव्या. मेट्रो उत्तम आहे, थंडगार आहे, आणि लांब जायचं असेल तर मी तिच्यावर फिदा आहे. पण दीड किलोमीटरसाठी इतकं खाली जायचं म्हणजे शेजारी विरजण मागायला जाताना जिना उतरून, गेटबाहेर जाऊन, परत आत येण्यासारखं. आजीची एक पायरी तेव्हा आठवली.

म्हणून माझं मत हे असं, दोघांनाही न आवडणारं. नाना, ट्राम हवी, पण तुमच्या आठवणीतली नको. आंबेडकर रोडवर मधोमध जिथे तुमचे रूळ होते तिथे आता लालबागच्या उड्डाणपुलाचे खांब आहेत. उरलेल्या रस्त्यातला एक पट्टा मोटारींकडून काढून घेऊन त्याला कठडा घालायची तयारी असेल तरच रुळांची भाषा करायची. तेवढी तयारी असेल तर त्या पट्ट्यावर आधी बसच सोडून बघा, रूळ मागाहून. आणि भाच्या, तुझ्यासाठी लाइट रेल हवी, पण ती ठाण्यात कुठून शिरणार हे नकाशावर बोट ठेवून दाखव, मग बोलू.

शिवाय पाणी. हे त्या दोघांनी काढलंच नाही, एवढ्या पावसात भांडत होते तरी. टीटीवरून परळला जाताना मधे हिंदमाता लागतं, पावसात पाणी साचणारा सखल चौक. सपाट आत शिरता येणारी आजची ट्राम म्हणजे पोट जमिनीला लागलेली गाडी. हिंदमाताला गुडघाभर पाणी आलं की तिचं काय होईल? लोकलचे रूळ खडीच्या भरावावर आहेत, तरी त्यांच्यावर पाणी चढलं की गाड्या उभ्या राहतात. रस्त्यातले रूळ तर रस्त्याच्याच पातळीला. आणि रुळाच्या खाचेत सायकलचं चाक अडकतं. मुलीने मला पोर्टलंडमध्ये पहिल्याच दिवशी बजावलं होतं, रूळ ओलांडायचा तर काटकोनात. ओल्या पेव्हर ब्लॉकवरून घसरणाऱ्या आमच्या स्कूटरवाल्यांना काटकोन कोण शिकवणार? याला उपाय असतीलच, ज्या शहरांत ट्राम आहेत तिथेही पाऊस पडतो. पण तिथे हिंदमाता नाही.

भांडी आवरून बाहेर आले तर भाचा निघायच्या तयारीत होता. नानांच्या पाया पडला, नानांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, म्हणजे मिटलं. मी डब्यात मोदक दिले. पावणेअकराला त्याचा मेसेज आला. पोचलो. गाडी बरी मिळाली, दिव्यापर्यंत उभा होतो, मग बसायला मिळालं. बदलापूरला उतरलो ते रिक्षाच्या रांगेत २५ मिनिटं, घर दीड किलोमीटर.

नाना जागेच होते. मी वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि मला म्हणाले, "लिही त्याला. म्हणावं, बघ, तुलासुद्धा ट्रामच पाहिजे."

मी लिहिलं. दोन निळ्या टिका आल्या, बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं: "मावशी, नानांना सांग, रूळ कुठे टाकणार? इथे फुटपाथपण नाहीये."